एक रुपया, अंगठा वर

गोल्फमध्ये ग्रीनवरचा, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवरचा, चेंडू उचलायचा असेल तर आधी त्याच्या अगदी मागे किंवा अगदी शेजारी खूण ठेवायची, मग उचलायचा, हवा तर पुसायचा, आणि आपली पाळी आली की होता तिथेच परत ठेवायचा. खूण न करता उचलला तर एक स्ट्रोक दंड. ठेवताना जागा चुकली आणि तिथूनच पट, म्हणजे होलकडे ढकलायचा फटका, मारला तर दोन. नियम एवढाच. पण या एवढ्याशा नियमावरून निर्मळच्या एका काकांची आणि त्यांच्या विरारच्या पुतण्याची जी जुंपली, ती खारघरपासून वसईपर्यंत पुरली. घोडबंदर रस्त्याच्या कृपेने त्यातला एकही मुद्दा अर्धवट राहिला नाही. मी मागच्या सीटवर होतो, मांडीवर काकांची पिशवी घेऊन.

काका ऐन उमेदीत कुवेतला, अहमदीला होते, तेलाच्या कामावर. वसईच्या घराघरांतून माणसं आखातात गेली, त्यांतलेच एक. गोल्फ ते तिथे शिकले, तेही वाळूत. हिरवळीचा पत्ता नाही. ग्रीनच्या जागी तेल घालून दाबलेली वाळू, तिला म्हणायचे ‘ब्राउन’. बाकी मैदानावर शॉट मारायचा तर बरोबर नेलेला कृत्रिम गवताचा तुकडा चेंडूखाली ठेवायचा. ब्राउनवर पावलाचा ठसा उमटतो, त्यामुळे सगळ्यांचे पट झाले की कुणीतरी एकाने वाळू ओढून सारखी करून ठेवायची, मागून येणाऱ्यांसाठी. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, आणि नोकरी, क्लब, काठ्या सगळं तिथेच टाकून काका परत आले. पुढची कित्येक वर्षं त्यांनी गोल्फचं नाव काढलं नाही. पुन्हा काठी हातात धरली ती निवृत्तीनंतर, या पुतण्यामुळे.

पुतण्याचा पिंड क्रिकेटचा. टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये खेळला, नंतर अंपायरिंगही केलं. गोल्फ त्याच्या गळ्यात ऑफिसने घातला. साहेब खेळतात म्हणून हाताखालचे खेळतात, यात नवीन काही नाही. वसई-विरारमध्ये क्रिकेटलाच मैदानं पुरत नाहीत, तिथे गोल्फ कुठला! मग सिडकोचा खारघरचा कोर्स. तिथे सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं.

ठिणगी पडली ती अशी. पुतण्याच्या एका सहकाऱ्याने ग्रीनवर आपला चेंडू सरळ हाताने उचलला, पँटला पुसला आणि होता तिथे ठेवून दिला. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण काका म्हणाले, “एक.” नुसतं एवढंच. सहकाऱ्याला वाटलं ते चहाची ऑर्डर मोजताहेत.

गाडीत बसल्यावर पुतण्याने तोंड उघडलं. “काका, तो माणूस पहिल्यांदा कोर्सवर आला होता. मैत्रीचा खेळ, पैज नाही, बक्षीस नाही. तुम्ही त्याला दंड सांगितलात. बरं दिसलं का ते?”

“दंड मी नाही सांगितला. नियमात आहे.”

“नियमात पुष्कळ असतं. त्याने चेंडू इंचभर तरी पुढे सरकवला का? नाही. मग गुन्हा कसला? खेळ आहे की सोवळं? याला शिवू नको, तिथे पाय देऊ नको, आधी नाणं मग चेंडू. आजीच्या देवघरात एवढे नियम नव्हते.”

“त्याने सरकवला नाही हे तुला कसं कळलं?”

“मी बघत होतो ना!”

“तू मोबाइल बघत होतास. आणि बघत असतास तरी त्याने उचलल्यावर तो चेंडू कुठे होता हे तू छातीठोक सांगू शकला नसतास. तोही नाही. म्हणून नाणं.”

इथे मला काकांचं म्हणणं पटलं. खूण न ठेवता उचललेला चेंडू परत ‘तिथेच’ ठेवला, या म्हणण्याला पुरावाच उरत नाही. दंड चोरीबद्दल नाही. चोरी झाली की नाही हे कायमचं न कळण्याजोगं करून टाकल्याबद्दल आहे. म्हणूनच तो एकच स्ट्रोक आहे आणि नियत न विचारता लागतो. पण पुतण्या अंपायर राहिलेला माणूस, तो एवढ्यावर थोडाच गप्प बसतो.

“बरं, मग मला सांगा, खूण कशाने करायची? त्याने तिथे पडलेलं पान ठेवलं असतं तर?”

“चालत नाही. निसर्गात पडलेली वस्तू नको, माणसाने केलेली हवी. नाणं, टी, नाहीतर खास बनवलेला मार्कर. आणि गंमत सांगू? खिशात काहीच नसेल तर पटर चेंडूच्या अगदी मागे जमिनीवर टेकवून धरायचा आणि दुसऱ्या हाताने चेंडू उचलायचा. तेही चालतं. मात्र चेंडू परत ठेवेपर्यंत पटर हलवायचा नाही.”

“आणि नाणं मागेच ठेवायचं?”

“बहुतेक जण मागे ठेवतात, होलच्या विरुद्ध बाजूला. पण शेजारी ठेवलं तरी नियमाची हरकत नाही. फक्त ज्या बाजूला ठेवलंस त्याच बाजूच्या हिशेबाने चेंडू परत ठेव. मागे खूण करायची आणि ठेवताना चेंडू नाण्याच्या पुढे बोटभर सरकवायचा, असं करणारे आहेत. दर ग्रीनला बोटभर.”

मग काकांनी खिशातून आपलं नाणं काढून दाखवलं. हे मात्र जवळून बघण्यासारखं होतं. एक रुपयाचं, नृत्यमुद्रा असलेल्या मालिकेतलं. त्यावर हाताचा अंगठा वर केलेला आहे. बाकी खेळाडूंकडे चुंबकाचे, क्लबच्या चिन्हाचे, परदेशातून आणलेले मार्कर असतात; काकांकडे हाच रुपया, कडा घासून गुळगुळीत झालेला. ते तो नेहमी अंगठा वर येईल असा ठेवतात आणि पटरच्या तळाने हलकेच दाबतात, म्हणजे दुसऱ्याचा चेंडू त्यावर अडखळत नाही. पण कधी कधी नाणं नेमकं दुसऱ्याच्या पटच्या वाटेत येतं. मग ते बाजूला घ्यावं लागतं. त्याची रीत अशी: लांबचं न हलणारं काहीतरी हेरायचं, झाड, खांब, एखादा कोपरा; त्या दिशेला पटरचं डोकं नाण्याला लावून टेकवायचं आणि नाणं पटरच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं. समोरच्याचा पट झाला की तेच झाड, तोच पटर, उलट क्रमाने परत. हे परत करायचं राहून गेलं तर चेंडू चुकीच्या जागेवरून खेळला गेला, म्हणजे दोन स्ट्रोक. मॅच प्लेमध्ये, म्हणजे एकेक होल जिंकत खेळायच्या सामन्यात, तर तो होलच गेला. म्हणून काका नाणं सरकवताना उलटं ठेवतात, सिंहमुद्रा वर. चेंडू ठेवायला वाकलं आणि अंगठ्याऐवजी सिंह दिसले की समजायचं, अजून एक काम बाकी आहे.

“हे मस्त आहे,” पुतण्याने कबूल केलं. “पण काका, हे तुम्ही करता ते सवयीने. जगातले सगळ्यात मोठे खेळाडूही इथे फसलेत, आणि त्यांना जी शिक्षा झाली ती ऐकून कुणी हा खेळ खेळूच नये. लेक्सी थॉम्पसन.”

ते नाव निघणार याची मला खात्री होती. एप्रिल २०१७, कॅलिफोर्नियातली महिलांची मोठी स्पर्धा, एएनए इन्स्पिरेशन. शनिवारी तिसऱ्या फेरीत सतराव्या ग्रीनवर तिचा जेमतेम फूटभराचा पट उरला होता. तिने खूण केली, चेंडू उचलला आणि परत ठेवला तो किंचित बाजूला. पट मारला, होल संपवला, कार्डावर सही केली. रविवारी घरी टीव्ही बघणाऱ्या कुणीतरी ईमेल पाठवून ते कळवलं. शेवटच्या फेरीत थॉम्पसन आघाडीवर होती. बारावं होल संपवून ती पुढे निघाली तेव्हा तिला सांगितलं गेलं की कालच्या त्या पटबद्दल चार स्ट्रोक दंड झाला आहे. दोन चुकीच्या जागेवरून खेळल्याबद्दल, आणि दंड न धरता कार्डावर सही केली म्हणून आणखी दोन. रडत रडत तिने उरलेले होल खेळले, बरोबरी गाठली आणि प्लेऑफमध्ये दक्षिण कोरियाच्या र्यू सो-यनकडून हरली.

“फूटभराचा पट, काका! तो ती डोळे मिटून घालेल. इंचभर सरकल्याने तिचा काय फायदा झाला?”

“काही नाही झाला.”

“मग?”

“मग चूक झाली ती झालीच. पण शिक्षा दिली त्याची रीत वाईट होती, हे मी मान्य करतो. घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला पंच कुणी केलं? टीव्हीवर जिचा प्रत्येक पट दिसतो तिचीच चूक सापडणार. मागच्या गटातल्या, कॅमेरा नसलेल्या खेळाडूची नाही. हा न्याय नाही.”

काकांनी हे इतक्या सहज मान्य केलं की पुतण्या क्षणभर बावरला. खरं तर नियम करणाऱ्यांनाही ते मान्य करावं लागलं. त्याच महिन्यात स्कॉटलंडच्या आर अँड ए आणि अमेरिकेच्या यूएसजीए या दोन संस्थांनी व्हिडिओ पुराव्याला मर्यादा घातली: नुसत्या डोळ्यांना दिसूच शकलं नसतं असं काही फक्त पडद्यावर दिसलं, तर त्यावरून दंड करायचा नाही. १ जानेवारी २०१८ पासून प्रेक्षकांच्या तक्रारी घेणं बंद झालं, आणि दंड झाल्याचं माहीतच नसताना सही केली तर वरचे दोन स्ट्रोक लावायचे नाहीत, अशीही सोय झाली. चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन स्ट्रोक मात्र कुणी काढले नाहीत. काकांचा मुद्दा तोच होता.

गायमुखला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. पुतण्याने इंजिन बंद केलं आणि पुढचा पत्ता टाकला.

“२०१०, दुबई. इयन पोल्टर आणि रॉबर्ट कार्लसन यांच्यात प्लेऑफ. पोल्टर ग्रीनवर चेंडू ठेवायला वाकला, चेंडू हातातून सुटला, पडला तो थेट त्याच्याच मार्करवर, आणि मार्कर हलला. एक स्ट्रोक! चोरी नाही, लबाडी नाही, हातातून वस्तू पडली. आणि आज तसंच झालं तर?”

“आज दंड नाही. २०१९ च्या नियमांपासून ग्रीनवर चेंडू किंवा मार्कर चुकून हलला तर जागेवर परत ठेवायचा, बस.”

“मग बघा! २०१३ मध्ये शांघायला सायमन डायसनने चेंडू उचलल्यावर पटच्या वाटेतला बुटाच्या खिळ्याचा ओरखडा चेंडूनेच दाबला. त्याला स्पर्धेतून बाद केलं. आज? आज तो ओरखडा दुरुस्त करायला नियमानेच परवानगी आहे. तेव्हाचं पाप ते आजचं पुण्य. मग हे नियम पाळायचे तरी कशासाठी, सहा वर्षांनी बदलणारच असतील तर?”

मला हा मुद्दा काकांना जड जाईल असं वाटलं होतं. काका खिडकीबाहेर खाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “यातलं काय बदललं ते नीट बघ. हात थरथरला, माफ. वस्तू पडली, माफ. गवत सारखं केलं, चालेल. पण चेंडू आपल्या सोयीने पुढे ठेवला, हे माफ झालेलं तू मला दाखव.”

पुतण्याला दाखवता आलं नाही.

“आपल्या वाडीचा वरचा बांध आठवतो?” काका पुढे म्हणाले. “केळीची वाडी होती तेव्हाचा. शेजारी दर पावसाळ्याआधी कुदळ घेऊन यायचा आणि आपल्या बाजूने बांध जरासा कोरायचा. एका वर्षी बघशील तर काही दिसायचं नाही. भाऊ म्हणायचा, जाऊ दे, वीतभर जागेसाठी कुठे भांडायचं? दहा-बारा वर्षांनी मोजणी आली तेव्हा केळीची अख्खी रांग पलीकडे गेलेली. ग्रीनवर बोटभर सरकवणारा माझ्या डोळ्यांना त्या शेजाऱ्यासारखाच दिसतो.”

“मोजणीला भूमापक आला होता ना, काका? की शेजाऱ्याच्या हातात साखळी देऊन तुम्ही म्हणालात, तूच मोज, आमचा विश्वास आहे?” पुतण्या आता रंगात आला होता. “गोल्फमध्ये तसंच आहे. ज्याची जमीन तोच मोजणीदार. क्रिकेटमध्ये बॅट्समनला कुणी विचारत नाही, तू आउट आहेस का. अंपायर आहे, तिसरा अंपायर आहे. माणसाच्या सचोटीवर खेळ चालवायचा हा भाबडेपणा आहे. आणि तो बांध म्हणाल, तर तिथे आता सात मजले उभे आहेत.”

सात मजल्यांवर काका काही बोलले नाहीत. पण बाकीच्याला त्यांचं उत्तर फार व्यवहारी होतं. क्रिकेटचे तेरा खेळाडू एका नजरेत मावतात. गोल्फच्या स्पर्धेत शंभरावर माणसं अठरा होलांवर पसरलेली असतात, मध्ये झाडी, उतार, पाणी. प्रत्येक गटामागे पंच लावायचा तर पंचांचीच फौज लागेल. तेव्हा सचोटी हा इथे अलंकार नाही, नाइलाज आहे. आणि ज्याच्या हातात मोजणी द्यायची, त्याला निदान खुंटा ठोकायला लावायचा. नाणं म्हणजे तो खुंटा. “आज तुझ्या मित्राने खुंटा न ठोकताच मोजणी केली,” काका म्हणाले, “आणि तू म्हणतोस मोजणी बरोबर होती.”

यावर पुतण्याने जो प्रतिवाद केला, तो मला पूर्ण वादातला सगळ्यात तगडा वाटला.

“मोठ्या क्लबात कोण ठोकतो हा खुंटा? चेंबूरच्या प्रेसिडेन्सी क्लबात जाऊन बघा, नाहीतर कुठल्याही जुन्या क्लबात. साहेब ग्रीनवर पोचायच्या आधी कॅडीने नाणं ठेवलेलं असतं, चेंडू टॉवेलला पुसलेला असतो. कॅडीने चेंडू उचलायला आता साहेबाची परवानगीसुद्धा लागत नाही. साहेब फक्त पट मारतो. मग ही सचोटी कुणाची? दिवसाच्या मजुरीवर काम करणाऱ्या पोराची! त्याने बोटभर पुढे ठेवला तर साहेब खूश, बक्षिशी बरी. मागे ठेवला तर शिव्या.”

काका म्हणाले, कॅडीच्या हातून चूक झाली तरी दंड खेळाडूलाच बसतो. ते बरोबर आहे, पण पुतण्याच्या प्रश्नाचं ते पूर्ण उत्तर नाही, असं माझं मत. चेंबूरच्या कॅडी पोरांविषयी एक गोष्ट इथे सांगायला हवी. क्लबच्या आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये ही मुलं लोखंडी सळई वाकवून तिची काठी करतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळात, घरांच्या मधून गोल्फ खेळतात. परदेशी छायाचित्रकारांनी त्याचे फोटो काढले, जगभर गाजले. ज्यांना क्लबच्या ग्रीनवर स्वतःचा चेंडू ठेवायला मिळत नाही, तेच दिवसभर दुसऱ्याचा चेंडू नेमक्या जागी ठेवत असतात. शिष्टाचारावर व्याख्यान देणाऱ्या सभासदांनी हे कधीतरी डोळ्यांसमोर आणावं. खूण स्वतः करा, असा काही नियम नाही; पण मला विचाराल तर ज्याला वाकता येतं त्याने स्वतः वाकावं.

वाहतूक थोडी हलली, पुन्हा थांबली. पुतण्या नरमला होता की दमला होता, सांगता येत नाही. त्याने वेगळंच काही विचारलं. “समजा कुणीच खूण केली नाही, उचललाच नाही चेंडू, तर?”

“तसंच खेळायचे की पूर्वी. दोघांच्या सामन्यात दुसऱ्याचा चेंडू तुझ्या आणि होलच्या मध्ये पडला तर तो तिथेच राहायचा. दोन चेंडूंत सहा इंचांपेक्षा कमी अंतर असेल तरच उचलायचा. मोजायला सोपं म्हणून स्कोअरकार्डंही सहा इंचांची काढायचे. बाकी वेळी चेंडू वळवून घाल, नाहीतर वरून उडवून घाल. त्याला स्टायमी म्हणत. १९३० मध्ये सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धेत बॉबी जोन्सने सिरिल टॉलीला एकोणिसाव्या होलला असाच स्टायमी घालून हरवलं, आणि त्याच वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. १९५२ मध्ये स्टायमी बंद झाला.”

“म्हणजे तुमचा सनातन शिष्टाचार सत्तर-पंचाहत्तर वर्षांचाच!”

“सनातन कोण म्हणालं? तूच म्हणालास सोवळं.”

दोघंही हसले. मग पुतण्याने आपली खरी अडचण सांगितली, आणि ती चारचौघांची आहे. ऑफिसच्या गटात वीतभराचे पट कुणी घालतच नाही. ‘गिमी’ म्हणून सोडून देतात, चेंडू हाताने उचलतात. वेळ वाचतो, मागचे लोक खोळंबत नाहीत. नियमच म्हणतो की शॉट शक्यतो चाळीस सेकंदांत मारा. मग फूटभरावरचा चेंडू मार्क करून, पुसून, त्यावरची रेघ होलकडे लावून, पुन्हा मागे जाऊन बसून बघणारे काका लोक वेळ खातात की नाही?

“खातात,” काका म्हणाले. “पण नियम कुठे म्हणतो उचल म्हणून? वाटेत नसेल, चिखल नसेल, तर उचलूच नको. जा आणि घालून टाक. सोडून देण्याचं म्हणशील, तर मॅच प्लेमध्ये समोरच्याने सोडला तर उचल, काही हरकत नाही. स्ट्रोक मोजून खेळत असाल तर सोडून देणं नाहीच. शेवटचा इंचही खेळावा लागतो.”

आणि मग त्यांनी १९६९ च्या रायडर कपची गोष्ट काढली. रॉयल बर्कडेल, शेवटच्या दिवसाचा शेवटचा सामना, शेवटचं ग्रीन. अमेरिकेच्या जॅक निक्लसने आपला पट घातला होता. इंग्लंडच्या टोनी जॅकलिनचा दोन-तीन फुटांचा उरला होता, आणि तो चुकला असता तर अमेरिका निखळ जिंकली असती. निक्लस खाली वाकला आणि त्याने जॅकलिनचं नाणंच उचलून त्याच्या हातात दिलं. पट सोडला. १६–१६. रायडर कपच्या इतिहासातली पहिली बरोबरी. अमेरिकेचा कर्णधार सॅम स्नीड त्यावर नाराज झाला होता म्हणतात.

“बघा! नियमापेक्षा दिलदारी मोठी,” पुतण्या म्हणाला.

“दिलदारी दाखवायला तिथे नाणं होतं ना आधी,” काका म्हणाले. “जॅकलिनने रीतसर खूण केली होती. निक्लसने सोडला तो त्याचा हक्क होता सोडण्याचा. तुझ्या मित्राने स्वतःचा चेंडू स्वतःलाच सोडला.”

पुतण्याकडे याला उत्तर नव्हतं. पण म्हणून तो हरला असं मी मानत नाही. पहिल्यांदा आलेल्या माणसाला चारचौघांत नुसतं ‘एक’ म्हणून सुनावणं, हाही शिष्टाचाराचा भंगच. नियम सांगायचा तर चेंडू उचलायच्या आधी सांगावा, किंवा पुढच्या टीपर्यंत चालता चालता, खांद्यावर हात ठेवून. ग्रीनवर आणखीही पुष्कळ गोष्टी पाळायच्या असतात: दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय द्यायचा नाही, त्यावर आपली सावली पडू द्यायची नाही, पट मारणाऱ्याच्या नजरेसमोर हलायचं नाही, खिशातली किल्ली वाजवायची नाही. यांतल्या कशालाच दंड नाही. त्या दंडाविना चालतात त्या एकमेकांकडे बघून शिकल्यामुळे. नवख्याला शिकवायला काकांसारखा माणूस मिळणं भाग्याचं; पण शिकवताना स्ट्रोक मोजण्याची घाई नको.

एका बाबतीत मात्र पुतण्याच्या गटाची सवय मोडायलाच हवी. एकाचा चेंडू होलजवळ पडला की दुसरा म्हणतो, राहू दे, मार्क करू नको, माझा जोरात आला तर अडेल. स्ट्रोक प्लेमध्ये असं ठरवून चेंडू ठेवला, तर दोघांनाही दोन-दोन स्ट्रोक. आणि दोन्ही चेंडू ग्रीनवर असताना पट मारलेला चेंडू दुसऱ्याच्या पडलेल्या चेंडूला लागला, तर मारणाऱ्याला दोन. इथे दया नाही, आणि मला वाटतं नसावी. कारण यात तिसऱ्याचं नुकसान आहे, जो आपला चेंडू सरळ मार्क करून बाजूला उभा आहे.

तेव्हा माझा निकाल असा. चुकून हललेल्या नाण्याला माफी देऊन नियम शहाणा झाला, हे पुतण्याचं खरं. खूण न करता उचललेल्या चेंडूला एक स्ट्रोक, हे काकांचं खरं, मग खेळ दुबईत असो की खारघरला. वसई-विरारकडून जे कुणी खारघरला नाहीतर चेंबूरला खेळायला जात असाल, त्यांनी ग्रीनवर वाकण्याआधी खिशात हात घालावा. एक रुपया पुरतो. नाणं, टी काहीच नसेल तर पटर टेकवा. तेवढाही धीर नसेल तर चेंडूला हात न लावता आहे तिथून पट मारा. नियमाला ते पूर्ण चालतं, आणि वेळही वाचतो.